आईच्या बाया आणि बाबांचा नळ

आमच्या मागच्या अंगणातला नळ वीस-बावीस वर्षं गळत होता, आणि त्याच घरातला कर्ता पुरुष पाणी गळू न देण्याचा पगार रेल्वेकडून घेत होता. बाबा रायपूर स्टेशनावर गाड्यांमध्ये पाणी भरणाऱ्या गँगचे मुकादम होते. गाडी लागली की रुळांमधल्या नळांना पाइप जोडायचे, डब्यांच्या टाक्या भरायच्या आणि गाडी सुटायच्या आत सगळं गुंडाळायचं. पाइपाच्या जोडातून एक चिळकांडी उडाली तरी त्यांच्या कपाळाची शीर उठायची. एखाद्या दिवशी खिशात रुमाल नसे, पण रबरी वॉशर असायचेच. लग्नाला गेले तरी ते आधी मांडवामागे जाऊन पाण्याची टाकी बघून येत आणि मग नवरानवरीकडे वळत. घरी मात्र ते जेवायला आणि झोपायला येत. आईनं नळाचा विषय काढला की उत्तर ठरलेलं होतं, "रिटायर झालो का पहिलं काम तेच."

ते रिटायर झाले त्याच सुमारास आमचं रायपूर राजधानी झालं. दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नाही, पण आमच्या घराला दोन्हींचा त्रास एकदमच सुरू झाला. पाट्यांवरचं 'म.प्र.' पुसून 'छ.ग.' रंगवायला पेंटर मिळेनात. भाजीवालीला भाव कमी करायला सांगितलं की ती म्हणायची, "अब राजधानी हे दीदी." शंकर नगरात बाबांनी जागा घेतली तेव्हा नातेवाईक म्हणाले होते की हा माणूस बायको-पोरीला घेऊन रानात राहायला चालला. त्याच रानात आता भोपाळहून आलेले साहेबलोक भाड्याची घरं शोधत फिरत होते. मलाही नव्या सरकारच्या नव्या खात्यात नोकरी लागली. खातं एका जुन्या दवाखान्याच्या इमारतीत बसवलं होतं आणि माझ्या टेबलामागच्या भिंतीवर 'कृपया शांति बनाए रखें' अशी पाटी तशीच होती. ती कुणी पाळत नसल्यामुळे कुणी काढलीही नाही.

रिटायर झाल्याच्या तिसऱ्या दिवशी बाबांनी नळाचं काम काढलं. सकाळी गुढियारीच्या बाजारात जाऊन पितळी नळ आणला, आट्यांना लावायचा सफेदा आणला, सुताची गुंडी आणली. दुपारी दोनपर्यंत मागच्या अंगणात ठोकाठोक चालली होती. मग त्यांनी आम्हा मायलेकींना बोलावलं, नळाखाली तळहात धरला आणि म्हणाले, "पाहा. एक थेंब नाही."

न गळणाऱ्या नळाकडे किती वेळ बघायचं असतं हे आम्हाला माहीत नव्हतं. आम्ही बऱ्यापैकी वेळ बघितलं. बाबांचा हात कोरडाच राहिला. त्यांच्या तोंडावर जो आनंद होता तो मी माझ्या बी.ए.च्या निकालाच्या दिवशीही पाहिला नव्हता. आई म्हणाली, "चांगला झाला," आणि आत गेली. मला वाटलं कुकर लावायला गेली.

आता त्या नळाखाली काय होतं ते सांगायला हवं. तिथे आमचा धुण्याचा दगड होता. कपडे आपटून आणि वर्षानुवर्षं एकाच जागी थेंब पडून त्याला ताटाएवढा उथळ खळगा झाला होता. खळगा भरला की पाणी एका पाटातून केळीला जायचं. दुपारची जेवणं झाली, बाबा ड्यूटीवर आणि मी शाळेत, नंतर कॉलेजात गेले, की आई सूप आणि तांदूळ घेऊन मागच्या दाराच्या पायरीवर बसायची. पायरी लहान होती. आई बसली आणि शेजारी सूप ठेवलं की तिसऱ्या कशाला जागा नसे. मग त्या खळग्यात अंघोळीला यायच्या त्या साळुंक्या, चिमण्या, बुलबुल आणि सातभाईंची मातकट रंगाची, सदा भांडणारी टोळी. आई या सगळ्यांना मिळून 'बाया' म्हणायची. बाया आल्या. बाया आज उशिरा आल्या. एक बुलबुल फार वेळ अंघोळ करायची, तिचं नाव 'नवरी' होतं.

आई लग्न होऊन अमरावतीकडच्या एका खेड्यातून इथे आली तेव्हा तिला हिंदीचं एक वाक्य धड येत नव्हतं. शेजारपाजारच्या बायका चांगल्या होत्या, पण सगळ्या हिंदी नाहीतर छत्तीसगढी बोलणाऱ्या. आई त्यांच्याशी 'हव' आणि 'नहीं' एवढ्यावर दोन वर्षं काढल्याचं सांगायची. मग या घरात आल्यावर ती मागच्या पायरीवर बसून आपल्या भाषेत या बायांशी बोलायला लागली आणि पुढे हिंदी फाडफाड यायला लागली तरी ती सवय सुटली नाही. भाजी काय केली, बाबांची ड्यूटी कशी बदलली, माझं नाक कसं चढलेलं असतं, सगळं बायांना ठाऊक होतं. मला त्याचं हसू यायचं आणि मी ते लपवतही नसे.

नळ दुरुस्त झाल्यावर पंधरा दिवसांत बाया यायच्या थांबल्या.

पहिल्यांदा आई म्हणायची, "आज बाया नाही आल्या." मग म्हणेनाशी झाली. एका रविवारी मी पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले तर ती ओट्याशी उभी राहून तांदूळ निवडत होती. आईला उभ्यानं तांदूळ निवडताना मी जन्मात पाहिलं नव्हतं. "पायरीवर काहून नाही बसली?" विचारलं तर म्हणाली, "तिथी बसून काय करू?" तिच्या बाया परत आणायच्या आणि तिला त्या पायरीवर परत बसवायचं, हे त्या क्षणी मी ठरवलं. आमच्या घरात ठरवण्याचं काम माझ्याकडे असायचं. पस्तावण्याचं काम मात्र सगळ्यांच्या वाट्याला यायचं.

बाया का गेल्या यावर बाबांचं आणि माझं जोरात भांडण झालं. मी म्हणत होते रस्ते खणलेत, त्याची धूळ. बाबांचं म्हणणं साधं होतं, "भोपाळवाले आले अन् पाखरं गेले." शेजारी भाड्यानं आलेल्या साहेबांकडे एक मांजर होतं, त्याच्यावरही आरोप ठेवून झाला. नळाचा विचार आम्हा दोघांच्या डोक्याला शिवला नाही. न गळणारा नळ कुणाचं काय वाकडं करणार?

त्या शेजारच्या साहेबांच्या बायकोला मी भाभी म्हणायचे. बाई हौशी होती. पुढे गवताचा गालिचा, कडेनं कुंड्या, आणि मधोमध पांढऱ्या सिमेंटचा एक खांब, त्यावर परात, परातीच्या काठावर सिमेंटचाच हंस. मी पुरणपोळ्यांचा डबा द्यायला गेले तेव्हा तिनं कौतुकानं दाखवलं, "बर्ड बाथ है. अब राजधानी है ना, सब लगवा रहे हैं." परातीत पाणी होतं, पण पक्षी म्हणून फक्त तो हंस होता. ही गोष्ट तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवी होती. मी मात्र घरी येऊन जाहीर केलं की आपल्याला बर्ड बाथ आणायचा आहे.

"पाखराले अंघोळीचा टब?" बाबा म्हणाले. "मले तीस वर्षं नोकरी करून बादलीच भेटली."

"तुमच्यासाठी नाही आणून राहिली."

"अन् उभं पाणी म्हणजे मच्छर."

"रोज बदलू पाणी."

"कोण बदलन?"

मी त्यांच्याकडेच बघितलं. त्या दिवसांत बाबांना करायला काय होतं? सकाळी उठून गल्लीत एक चक्कर मारायचे आणि कुणाची टाकी वाहते, कुणाचा पाइप टपकतो ते पाहून घंटी वाजवायचे. भाभीच्या बागेतला पाइप तर त्यांनी तीनदा पकडला होता. "बहू, आपका पाइप टपक रहा है," म्हणायचे, आणि ती बिचारी "जी अंकल" म्हणत पीठ लागलेल्या हातांनी धावायची. गल्लीतले लोक बाबांना लांबून पाहून घरात शिरायला लागले होते. संध्याकाळी मी ऑफिसातून आले तेव्हा बाबा टेप घेऊन मागचं अंगण मोजत होते. टब ठेवायला जागा किती ते पाहून राहिलो, म्हणाले.

पहिलं भांडं त्यांच्या पसंतीनं आलं. त्यांचा हिशेब गाडीच्या टाकीचा होता, भांडं एवढं मोठं पाहिजे की पुढच्या स्टेशनापर्यंत पुरलं पाहिजे. त्यांनी हिरव्या प्लॅस्टिकचा असा टब आणला की त्यात मी बसले असते. रोज साडेनवाला ते पाइप लावून तो काठोकाठ भरत, पाइप गुंडाळत आणि हात मागे बांधून टबाशेजारी उभे राहत. पांढरं बनियन, खाकी अर्धी पँट, नजर समोर. गाडी यायची वाट बघताना ते स्टेशनावर असेच उभे राहत असणार.

आईनं दोन दिवस पाहिलं आणि तिसऱ्या दिवशी खिडकीतून म्हणाली, "तुमी असे डोळे लावून उभे राह्यले तर कोणती बाई अंगावर पाणी घेईन?"

बाबांना हे पटलं. ते चार पावलं मागे जाऊन पपईच्या झाडाआड उभे राहिले. पपईचं खोड बाबांच्या मानानं बरंच बारीक होतं. त्या आठवड्यात एक साळुंकी तेवढी आली. तिनं काठावर बसून आत वाकून पाहिलं, विहिरीत बघतात तसं, आणि निघून गेली. आई म्हणाली, "बुडतीन त्या. कोणी जाते का एवढ्या पाण्यात?" टब कपडे भिजवायला गेला.

दुसरं भांडं माझ्या पसंतीचं. विमानतळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर नव्या नर्सऱ्या निघाल्या होत्या. तिथे सिमेंटचे हंस, सिमेंटची हरणं, सिमेंटच्या कुंड्या असा सगळा संसार उन्हात वाळत मांडलेला असायचा. मी बाबांना घेऊन गेले. हंस नको यावर आमचं एकमत झालं, ही आमच्या दोघांच्या आयुष्यातली मोठीच घटना. मला कमळाच्या पाकळ्यांची परात आवडली. बाबांनी दुकानदाराला ती काठोकाठ भरायला लावली आणि स्टूल मागून तिच्याखाली नजर लावून अर्धा तास बसले. दुकानदार म्हणाला, "अंकल, ये सीमेंट है, कहाँ से टपकेगा?" बाबा म्हणाले, "भैया, टंकी तो लोहे की भी टपकती है." अर्ध्या तासानंतर पसंती झाली. ऑटोत मधे खांब, एका बाजूला बाबा, दुसऱ्या बाजूला मी आणि माझ्या मांडीवर ती परात. गतिरोधक आला की तिघंही एकदम उसळायचो.

वाटेत बाबांनी ऑटो थांबवून मला भजी खाऊ घातली. ते हिरव्या मिरचीची चटणी आधी संपवतात आणि भजी नंतर नुसती खातात, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते.

कमळ बसवलं. तिसऱ्या दिवशी एक चिमणी आली, गुळगुळीत पाकळीवरून घसरली आणि पुन्हा आली नाही. आला तो कावळा. त्यानं कुठून तरी माशाचा काटा आणला, तो पाण्यात बुडवून बुडवून मऊ केला आणि खाऊन गेला. मग रोज आणायला लागला. एकदा पोळीचा तुकडा, एकदा कोंबडीचं कसलंसं हाड. आमच्या घरात कांदासुद्धा चतुर्थीला बाहेर ठेवतात. आई म्हणाली, "माह्या अंगणात मेला मासोया धुवून राह्यला, अन् तुमी दोघं त्याले पाणी भरून देऊन राह्यले." कमळ रिकामं झालं.

तिसऱ्या खेपेला आम्ही गुढियारीच्या बाजारात एका कुंभारणीकडे गेलो. तिनं आमची गोष्ट ऐकून घेतली. "चिरई बर?" म्हणाली, म्हणजे पाखरांसाठी ना, आणि ढिगातून एक पसरट, खरबरीत मातीचं ताट काढून पुढे केलं. "ये ला ले जा." चार बोटं खोल, हाताला खरखरीत, तीन विटांवर नीट बसणारं. आजही सांगते, ते भांडं बरोबर होतं. चूक त्याची नव्हती.

दुसऱ्या दिवशी बाबांना त्याच्याखालच्या विटा ओल्या दिसल्या.

"गळून राह्यलं हे."

"बाबा, माती पाझरते. माठ पाझरतो ना?"

"पाणी बाहेर आलं म्हणजे गळलं."

मी ऑफिसात असताना त्यांनी त्या ताटाला आतून-बाहेरून तेलरंगाचे दोन हात दिले. रंग घरात उरलेला होता, दाराचा, चॉकलेटी. वास आठ दिवस गेला नाही. मग पाणी एक थेंब पाझरेना आणि कावळासुद्धा फिरकेना. आई दारात येऊन ते चॉकलेटी ताट पाहायची, काहीतरी बोलायला तोंड उघडायची आणि आत जायची. मला वाटलं तिची आशा सुटली. मला बाबांचा असा राग आला होता की मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनीच विचारलं, "या रविवारी कोठी जायचं मग?" आणि मी सांगितलं की दगडाचं मिळतं का बघू.

दर मंगळवारी दुपारी बाबा स्टेशनावर जात. तिथे त्यांच्यासारखे चार-पाच रिटायर झालेले सोबती चहाच्या टपरीवर जमत आणि नव्या लोकांना गाडी कशी भरता येत नाही ते पाहत. अशाच एका मंगळवारी आमच्या ऑफिसची वीज गेली, जनरेटर चालू होईना, तेव्हा साहेबांनी दुपारीच सोडलं. मी घरी आले तर मागून कलकलाट ऐकू आला. सातभाईंचं भांडण. मी चपला हातात घेऊन स्वयंपाकघरातून मागच्या दारापर्यंत गेले.

आई पायरीवर बसली होती. शेजारी सूप. नळ अगदी थोडा सैल केलेला, थेंब थेंब दगडावर पडत होता आणि खळगा भरला होता. खळग्यात तीन सातभाई एकमेकांना ढकलत अंग भिजवत होते, बाकीचे केळीवर बसून त्यांना शिव्या देत होते. दगडाच्या कडेला नवरी आपली पाळी यायची वाट बघत होती. आईनं मागे न बघताच एक बोट वर केलं. मी दारातच खाली बसले.

पाऊण तास आम्ही तशाच बसलो होतो. मग ती उठली. दोन्ही हातांनी, दात आवळून तिनं नळ बंद केला. मनगट चोळलं. आणि जुन्या फडक्यानं तो दगड पुसायला लागली.

"तुले माहीत होतं?" मी विचारलं.

"हव. पहिल्याच दिवशी. त्याईले टपकतं पाणी लागते. आवाज ऐकून येतेत."

"मग सांगितलं काहून नाही? तीन भांडे आणले आम्ही."

आईनं फडकं पिळलं. "तीस वर्षांत त्याहीनं घरचं एक काम आपल्या हातानं केलं," म्हणाली. "आपल्याले बोलावून दाखवलं. तू पाह्यलं ना तोंड त्याहीचं? मी म्हणू का आता, हे मोडा?" आणि थोडं थांबून, "अन् तुमी बापलेक दर रविवारी हिंडून राह्यले होते. तू बापासंगं एवढी कधी बोलली होती सांग मले."

तिनं मला बाबांना न सांगण्याची शपथ घातली. गुपित माझ्या पोटात राहत नाही हे सगळ्या नातेवाइकांना माहीत आहे. पण हे राहिलं.

पण आईनं एका गोष्टीचा विचार केला नव्हता. ज्या माणसानं जन्मभर ओल शोधली त्याच्यापासून ओल लपवायची म्हणजे फडकं पुरत नाही. त्याच मंगळवारी संध्याकाळी बाबा दगडापाशी उकिडवे बसले आणि त्यांनी खळग्यातून बोट फिरवलं. बोट नाकाजवळ नेलं. केळीचा पाट पाहिला. मग हत्यारांची पेटी आणून त्यांनी वॉशर बदलला. बुधवारी दगड कोरडा, गुरुवारी कोरडा. बाबा खूश. पुढच्या मंगळवारी ओला. त्यांनी नळच बदलला. त्याच्या पुढच्या मंगळवारी पुन्हा ओला.

ते चिडले असते तर बरं झालं असतं. उलट गल्लीतली चक्कर बंद झाली. भाभीचा पाइप सकाळभर वाहत होता तरी त्यांनी घंटी वाजवली नाही. नळाच्या तोटीला कान लावून बसलेले मी त्यांना दोनदा पाहिलं. त्या मंगळवारी जेवताना ते ताटाकडे बघत म्हणाले, "हात गेला माहा. एवढ्या एवढ्या टायमात आख्खी गाडी भरत होतो मी. अन् घरचा एक नळ बंद होत नाही." जेवण झाल्यावर त्यांनी खिशातले वॉशर काढले आणि फडताळाच्या खणात, जुन्या चाव्यांबरोबर टाकून दिले.

आईच्या हातातला भाताचा चमचा तसाच राहिला. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि मी तिच्याकडे. तिला काय करावं लागणार हे तिलाही कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी कसलीशी सुट्टी होती. जेवणं झाल्यावर आई बाबांना म्हणाली, "चला, मागं बसा." दाराच्या आत खुर्ची ठेवून त्यांना तिच्यावर बसवलं. "हलू नका. खोकलू नका." मग स्वतः जाऊन दोन्ही हातांनी नळ सैल केला आणि येऊन पायरीवर बसली. पहिला थेंब दगडावर पडताच बाबा खुर्चीतून अर्धे उठले. त्यांचा त्यात काही दोष नव्हता, अंगवळणीच पडलं होतं ते. आईनं मागे हात करून त्यांच्या गुडघ्यावर ठेवला. ते बसले.

वीस मिनिटं नुसते थेंब. बाबांच्या कपाळावर घाम आला होता. मग केळीवर एक सातभाई आला, त्याच्यामागे दुसरा, आणि बघता बघता सगळी टोळी. साळुंक्या आल्या. नवरी आली, तिनं एकदा डुबकी मारली, पंख झाडले, पुन्हा मारली. पाणी उडून आईच्या पायापर्यंत आलं. आई हळू आवाजात काहीतरी बोलत होती, नेहमीसारखं, भाजीचं किंवा माझ्या नाकाचं. बाबा बघत राहिले. बावीस वर्षं त्यांच्या घरात दुपारी काय होत असे ते त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं.

बऱ्याच वेळानं त्यांनी विचारलं, "म्हणजे वॉशर चांगला होता?"

"चांगलाच होता," आई म्हणाली. "मीच खोलत होती मंगळवारी."

"दोन हातानं?"

"तुमी कसता केवढा."

बाबा भिंतीशी मांडलेल्या वस्तूंकडे वळले. हिरवा टब, कमळ, चॉकलेटी ताट. मग माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. ते उठले, पेटी घेऊन नळाकडे गेले आणि सगळ्या बाया भुर्रकन उडाल्या. आईचा चेहरा पडला. मला वाटलं, आता हा माणूस नळ असा आवळणार की तो कुणाला जन्मात उघडता येणार नाही. मी भांडायला पदर खोचला, म्हणजे ओढणी.

त्यांनी नळ खोलला, चांगला नवा वॉशर काढला, तळहातावर धरला आणि दाढीच्या ब्लेडनं त्याच्या कडेला एक बारीक चीर दिली. परत बसवला. थेंब भराभर पडायला लागले. त्यांनी मान हलवली. आईला विचारलं, "पहिले कसा गळत होता? आठवून सांग."

आईनं डोळे मिटले. सुपाच्या काठावर एक बोट टेकवलं, उचललं, थांबली, पुन्हा टेकवलं. टप. बराच वेळ काही नाही. टप. बाबा पान्यानं एक एक आटा फिरवत तिच्या बोटाकडे बघत होते. एकदा ती म्हणाली, "थोडा धीरा." एकदा म्हणाली, "नाही, हा लय धीरा झाला." दोघांचं बराच वेळ चाललं होतं. मी आत जाऊन चहा केला, चहा निवला, तरी चाललंच होतं. शेवटी बोट आणि थेंब एकदम पडायला लागले.

"गळायचं तर नीट गळलं पाह्यजे," बाबा म्हणाले. मग त्यांनी केळीचा पाट साफ केला, एकही थेंब वाया जाऊ नये म्हणून पाटाच्या शेवटी आळं करून त्यात अळू लावला, आणि फडताळातले वॉशर परत खिशात टाकले.

चार-आठ दिवसांनंतरची गोष्ट. दुपारची वेळ, आई पायरीवर, बाबा तिच्यामागे दारात उभे, मी आत. कुंपणाच्या भिंतीवरून भाभीचं डोकं वर आलं. बाबांना आजवर ती जितक्यांदा "जी अंकल" म्हणाली होती त्या सगळ्याची भरपाई तिच्या तोंडावर दिसत होती.

"अंकल," ती मोठ्यानं म्हणाली, "आपका नल टपक रहा है."

बाबांनी ओठांवर बोट ठेवलं. "धीरे बोलिए, बहू," ते म्हणाले. "इनकी सहेलियाँ आई हुई हैं."

आईनं मागे वळून पाहिलं नाही. तिनं सूप उचलून मांडीवर घेतलं आणि पायरीवर थोडी सरकून बसली.